कापड धरणारा हात

८ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवा. हात कधी उडतो, किती वेळ उडतो, त्या वेळी तुम्ही काय करत होतात. मी म्हटलं, डॉक्टर, तीस वर्षांत मी मापांपलीकडे काही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, मग हेही मापच समजा. म्हणून ही जुनी मापांची वही काढली. पानांवर छाती, कंबर, बाही असे रकाने आखलेले आहेत. त्यांच्यावरूनच लिहितो आहे.

तर माप असं. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. गेल्या मंगळवारपासून. आधी वाटलं, पापणी फडफडते तसली काहीतरी नस असेल. पण पापणी थांबते, हे थांबत नाही. चहा पिताना, दाढी करताना, गिऱ्हाइकाशी बोलताना अंगठा आपला आत ओढला जातो, सुटतो, पुन्हा ओढला जातो. दुखत नाही, चक्कर येत नाही. मी त्याच्याकडे बघत बसतो आणि तो माझं ऐकत नाही, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळाशी मोजलं. मिनिटाला साठ-सत्तर वेळा.

लोकांना वाटतं, शिंप्याची कला कात्रीच्या हातात. उजवा हात नुसता चालतो. कापड धरतो तो डावा. खडूच्या रेघेपाशी कापड सपाट, जराही न ताणता धरून ठेवायचं, हे त्याचं काम. तो हलला की कात्री कितीही सरळ चालो, काप वाकडाच येणार.

हिला सांगितलेलं नाही. ही म्हणजे माझी बायको. मी कापतो, ही खिडकीपाशी मशीनवर बसून शिवते. सव्वीस वर्षं हेच दुकान, वरच्या मजल्यावर घर. डॉक्टरकडे गेलो तो बटणं आणायला जातो म्हणून. परत आलो तर ही म्हणाली, "बटणं कुठायत?" म्हटलं, रंग मिळाला नाही.

१० मार्च, बुधवार

उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो होतो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" म्हटलं, छे, फक्त ग्लुकोजचं पाणी. तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्या या." उद्या कोण जातंय. दुकान कोण उघडणार?

ग्लुकोज ताईने सांगितलं. माझी थोरली बहीण. फोनवरच हात बघून मोकळी झाली. "अशक्तपणा आहे तो. पावडर आण, मोठ्या तांब्यात कालव आणि दिवसभर पीत राहा." पितो आहे. बरं वाटतं, तहानही भागते. या वर्षी उन्हाळा लवकर लागलाय, त्यात इस्त्रीची वाफ. दिवसाला तीन तांबे सहज संपतात.

हात दिवसभर खिशात ठेवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१३ मार्च, शनिवार

पँट कंबरेला सैल व्हायला लागली आहे. टेप लावली तर चौतीस. माझी कंबर दहा वर्षं छत्तीस आहे. नवखा माणूस असता तर घाबरला असता. पण कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, लांब होते आणि मग माप कमी दाखवते. हे तीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरणाऱ्यालाच कळतं. जुनी टेप फेकून दिली, नवी आणायला सांगितली. गेल्या महिन्यात त्या टेपने किती गिऱ्हाइकांची मापं घेतली, याचीच काळजी लागून राहिली आहे.

१५ मार्च, सोमवार

डोक्याला तारा लावून आलेख काढला. हिला सांगितलं, अस्तराचं कापड बघायला जातो. केसांत चिकट लागलेलं धुऊन परत येईपर्यंत दुपार झाली.

डॉक्टर म्हणाले, "आलेख साफ आहे. तरीही मला हा फिटचाच प्रकार वाटतो."

मी म्हटलं, फिट येते तो माणूस जमिनीवर पडतो, दात आवळतो. मी तर परवा उभ्याउभ्या शर्ट कापला.

"अशीही असते. मेंदूचा अगदी बारीक कोपरा बिघडतो, हात हलवणारा तेवढाच. बाकी मेंदू शाबूत, म्हणून शुद्ध जात नाही. कधीकधी जागा इतकी लहान असते की वरून लावलेल्या तारांना पत्ताच लागत नाही." मग त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि डोक्याचा स्कॅन करून घ्या म्हणाले. "वजन उतरलंय का?" म्हटलं, नाही. टेप ताणली होती, हे त्यांना कशाला सांगू. "रक्ताचा रिपोर्ट?" म्हटलं, येतोय.

स्कॅन केला आणि डोक्यात गाठ निघाली तर? हात कायमचा गेला तर? मला दुसरं काही येत नाही. बोलता येत नाही, माल विकता येत नाही. कापता येतं. ते गेलं की मी फक्त काउंटरमागे उभा असलेला एक चिडका म्हातारा. आमचे जुने गिऱ्हाईक वकीलसाहेब कोट शिवायला देणार आहेत, तो होऊ दे, मग स्कॅनचं बघू.

१९ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं. पण ही वही कोण वाचणार आहे.

एका गिऱ्हाइकाने पँट परत आणली. एक पाय बाहेर वळतो आहे. बघताच कळलं, काप चुकलाय, मांडीपाशी रेघ सुटली आहे. गिऱ्हाईक समोर उभं. ही मशीनवरून उठून आली, पँट उलटी केली, शिलाईवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "शिलाई जरा सांभाळून करत जा गं."

ती पँट सरळ करत गिऱ्हाइकाला म्हणाली, "माफ करा हं. हल्ली मला नीट दिसत नाही. परत करून देते." गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाली, "डोळे दाखवायला हवेत बहुतेक."

मी म्हटलं, "हो, दाखव."

खाई त्याला खवखवे म्हणतात. आज दोन्ही वेळा ताट तसंच ठेवून उठलो. तांब्यावर तांबे मात्र रिचवले.

२३ मार्च, मंगळवार

हिने चष्मा आणला. काळी जाड काडी. दुकानात बसली की घालते. येणाऱ्या प्रत्येकाला आपणहून सांगते, "वय झालं आता, डोळे गेले." सांगायची गरज नसते तिथेही सांगते. मी खडू शोधायच्या निमित्ताने खाली वाकतो.

ती वर गेली असताना तिचा चष्मा घालून बघितला. काही फरक पडत नाही. मला तसंही आठवडाभर सगळं धुरकट दिसतंय, त्यात या काचेनेही काही साफ होत नाही. चष्मेवाल्याने नंबर नीट काढलेला दिसत नाही. हिला म्हटलं, बदलून आण. म्हणाली, "असू दे. मला चालतो."

२६ मार्च, शुक्रवार

नवी टेप आणली. कंबर तेहतीस. म्हणजे नवीही तसलीच. हल्ली मालच असा येतो. हिच्याजवळ कुरकुर केली तर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मग हळूच म्हणाली, "तुमची पँट कुठे सैल आहे बघू." मी म्हटलं, काही सैल नाही, मी मुद्दाम ढगळ शिवली होती. वर जाऊन स्वतःच टाके घालून आत घेतली. सुई ओवायला अर्धा तास लागला, हातामुळे आणि डोळ्यांमुळेही. शेवटी हिला हाक मारली. तिने चष्मा डोक्यावर सरकवला आणि एका फटक्यात ओवून दिली.

गोळीने भयंकर झोप येते. जेवण झालं की मागच्या खोलीतल्या खाटेवर आडवा होतो तो चारलाच उठतो. अंगठ्याचं उडणं मात्र चालूच. हात टेबलावर उताणा ठेवला तर थोडं कमी, पालथा ठेवून कापड दाबलं की जोरात. म्हणजे नेमकं कामाच्या वेळी. कुणी सांगून ठेवावं तसं.

३० मार्च, मंगळवार

चांगली बातमी लिहायला पण हात शिवशिवतो.

हल्ली भीतीने मी रेघेबाहेर शिलाईचं मार्जिन जास्त सोडून कापतो. एवढं की मलाच लाज वाटते. पण आज संध्याकाळी कापून बांधलेले गठ्ठे सोडून बघितले तर काप सुरेख. कडा पट्टी लावून कापल्यासारख्या. मार्जिनसुद्धा मी समजत होतो तेवढं जास्त नाही, बरोबर अर्धा इंच. शनिवारचा गठ्ठा बघितला. तोही तसाच. म्हणजे गोळी लागू पडते आहे. हात दिसायला उडतो, पण काम करताना ताळ्यावर येतो आहे.

आठवड्यात चिंध्यांची पिशवी दोनदा भरली. कापड व्यापारी पन्हा जास्त रुंद द्यायला लागले वाटतं.

३ एप्रिल, शनिवार

आज घाबरलो आहे आणि खूशही आहे. दोन्ही एकदम कसं, ते क्रमाने लिहितो.

वकीलसाहेब हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मोठ्या कोर्टात त्यांना उभं राहायचं आहे, म्हणून काळ्या लोकरीचं कापड स्वतः आणून दिलं, जेमतेम एका कोटाचं. चुकलं तर दुसरं मिळणार नाही. सकाळी खडूने आखलं. कात्री उचलली आणि अंगठा असा उडायला लागला की कापडाला सुरकुती पडली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा कात्री ठेवली. हिने बघितलं असेल. म्हणाली, "आधी जेवून घ्या."

जेवलो, गोळी घेतली, झोपलो. चारला उठून आलो तर टेबलावर कोट कापून तयार. पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं एकावर एक रचलेलं. मी म्हटलं, हे कुणी केलं?

ही म्हणाली, "असं काय करता? जेवल्यावर तुम्हीच उभे राहिलात आणि एका दमात कापलंत. मी बघत होते ना. मग आडवे झालात. गोळीने विसरायला होतंय तुम्हाला."

मला काही आठवत नाही. काही म्हणजे काही नाही. पण दुसरं कोण कापणार? माझ्या कात्रीला या घरात कुणी हात लावत नाही. मला शिकवणाऱ्या जुन्या मास्टरचाच नियम तो, कात्री एका हाताची. लग्नानंतर पहिल्या वर्षी हिने एकदा म्हटलं होतं, मलाही कापायला शिकवा. मी हसलो होतो. त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

कोटाचे भाग जुळवून बघितले. तीस वर्षांत मी असा काप घेतलेला नाही. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, तर माझ्याच खडूच्या रेघेच्या पाव इंच आतून गेलोय, आणि तेच बरोबर आहे. वकीलसाहेबांचा उजवा खांदा किंचित उतरतो, ते मी आखताना विसरलो होतो. झोपेत आठवलं म्हणायचं. इतकी वर्षं डोक्याने कापत होतो, आता हात एकटाच कापतो आहे. पण जे केलं ते आठवत नाही, हे काही बरं लक्षण नाही.

५ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, हात उडतो, पण काम एकदम सरळ येतंय, गोळीचा गुण आहे. विसरल्याचं सांगितलं नाही, नाहीतर गोळी बंद करतील. ते म्हणाले, "गुण येतोय ना, मग एकाच्या दोन करा. पूर्ण थांबेल. आणि तो रक्ताचा रिपोर्ट?" म्हटलं, पाठवतो.

९ एप्रिल, शुक्रवार

थांबलं नाही. मनगट उडतंय. काल दुपारपासून तोंडाचा डावा कोपरा. गिऱ्हाइकाला वाटतं मी डोळा मारतोय. एक बाई माप न देताच गेल्या.

अक्षरं दोन-दोन दिसतात. घसा कोरडा. ताईने सांगितलं, संत्र्याचा रस पण घे, दिवसाला चार ग्लास. घेतो आहे. बाथरूमला इतक्या वेळा जातो की ही म्हणाली, मशीन तिकडेच नेऊन ठेवू का. हसलो नाही. ती पण हसली नाही. "उद्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ या," म्हणाली. तिला हाताचं माहीत आहे, हे मला आज कळलं. कधीपासून, ते विचारलं नाही. भीती वाटते. एवढंच लिहितो.

१२ एप्रिल, सोमवार. हॉस्पिटल

उजवा हात मोकळा आहे, डाव्याला सलाईन. सलाईनची नळी पण अंगठ्याबरोबर उडते.

शनिवारी दुकानातच खाली बसलो आणि उठता येईना. हिने रिक्षा आणली, रिक्षावाल्याने आणि हिने मिळून आत घातलं. इथे पहिल्याच खोलीत एका नर्सने बोटाला टोचलं. यंत्रावर आकडाच येईना, नुसतं "जास्त" असं काहीतरी दाखवत होतं. मग नळी भरून रक्त घेतलं. साखर पाचशे ऐंशी. मी म्हटलं, कुणाची? नर्स म्हणाली, "तुमचीच, काका. तहान लागत होती का?"

मी जे सांगितलं ते ऐकून तिने जाऊन डॉक्टरबाईंना बोलावून आणलं.

१३ एप्रिल, मंगळवार

मेंदूच्या डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. आधी बराच वेळ हात बघितला. वर करा, खाली करा, पालथा, उताणा. मग म्हणाल्या, "ही एकाच जागेची फिट आहे, पण न थांबणारी. कुणाकुणाला तास-दोन तास, कुणाला महिनोन्महिने. फार कमी जणांना होते, म्हणून ओळखायला वेळ लागतो."

मी विचारलं, गाठ?

"कालचा स्कॅन बघितला. गाठ नाही. जुन्या झटक्याचा डाग नाही. मेंदूला सूज नाही. काही लहान मुलांत अशी सूज अर्धा मेंदू पोखरत जाते, तिथे शेवटी ऑपरेशनच करावं लागतं. तुमच्यात कारण सोपं आहे. नुसती साखर. ती इतकी चढली की मेंदूचा एक कोपरा चिडला. साखर उतरवली की बहुतेकदा तो शांत होतो. अशा फिटवर फिटच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. आणि तुम्ही घेत होतात ती गोळी तर साखर आणखी चढवू शकते. ती बंद."

मग त्यांनी माझी वही मागितली. नोंदी लिहिलेल्यात ना, दाखवा. मी बाकीची पानं धरून ठेवली आणि हाताची तेवढी वाचून दाखवली. मार्चच्या शेवटाशी आलो तेव्हा त्यांनी थांबवलं. "इथे सुधारला? असं व्हायला नको. साखर तर चढतच होती. आणि सुधारला म्हणूनच डोस दुप्पट झाला ना?"

म्हटलं, हो. काप सरळ येत होता.

ही खाटेच्या पायथ्याशी उभी होती. म्हणाली, "डॉक्टर, सुधारला नव्हता. कापत मी होते."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं.

"हे झोपले की मी मार्जिन छाटून सरळ करायचे. मग कोट आला. तो मी अख्खा कापला आणि यांना सांगितलं की तुम्हीच कापलात." तिचा आवाज अजिबात हलला नाही. "मला वाटलं, एवढ्या आठवड्यात हात बरा होईल. तोवर यांना कळू नये."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची लपवाछपवी यांच्या जिवावर आली असती." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही रक्त दिलं असतं तर हे इथवर आलंच नसतं." उठून गेल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. ही बराच वेळ उभी होती, मग खुर्चीत बसली.

१५ एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेनऊला हात थांबला.

आधी दर मिनिटाला मोजत होतो, साठाचे चाळीस झाले, काल वीस. आज चहाचा कप धरला आणि लक्षात आलं की चहा हलत नाही. कप ठेवला, हात पालथा केला, चादर दाबली. काही नाही. सहा आठवड्यांनी माझा हात माझा.

हिला दाखवला. हिने हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि रडायला लागली. इतकी रडली की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने पाणी दिलं. मी अजून बोलत नव्हतो तिच्याशी, पण म्हटलं, अगं, आनंदाच्या वेळी कशाला रडतेस.

१७ एप्रिल, शनिवार

भांडलो. हॉस्पिटलात, हळू आवाजात, जेवणाच्या ताटावर.

मी म्हटलं, माझ्या कात्रीला हात लावलास. वर मला विसरभोळा ठरवलंस. मी दहा दिवस स्वतःला वेडा समजत होतो.

ती म्हणाली, "आणि तुम्ही मला आंधळी ठरवलंत. तुम्ही 'हो, दाखव' म्हणालात ना, त्या दिवशीच मी साध्या काचेचा चष्मा आणला. डोळे माझे ठणठणीत आहेत. फिटंफाट."

 मी विचारलं, कापायला कुठे शिकलीस?

"सव्वीस वर्षं समोर बसले आहे. आणखी कुठे शिकणार?"

तिने वरण-भात कालवला. मग ती म्हणाली, "एक सांगते. चिडू नका. परवा हात थांबला तेव्हा मी रडले ना, तो सगळा आनंद नव्हता. तुम्ही जगावात म्हणून मी काहीही केलं असतं. पण हात थांबला तेव्हा पहिलं मनात आलं, संपलं आता माझं कापणं. मग स्वतःचीच लाज वाटली." चमचा उचलून तिने मला घास भरवला, नर्सने सांगितलं होतं तसा, थोडा थोडा.

मी चिडलो नाही. काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि आपण फार दिवस काहीतरी दाबून ठेवलं होतं असंही.

२४ एप्रिल, शनिवार. घरी

इन्सुलिन स्वतः टोचायला शिकलो. साखर आटोक्यात. पुन्हा स्कॅनला बोलावलंय, काळजीचं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. ताईने फोनवर विचारलं, ग्लुकोज चालू आहे ना? ही फोन घेऊन बाहेर गेली. काय बोलली माहीत नाही, पण ताई आता फक्त तब्येत विचारते.

दुकान उघडलं. शर्ट कापला. हात पूर्वीसारखा. काप सरळ, माझा स्वतःचा. ही मशीनवर. चष्मा नाही. सगळं जिथल्या तिथे. फक्त तिने मशीन खिडकीकडे तोंड करून फिरवून घेतलंय, उजेडासाठी म्हणाली. आता कापताना मला तिची पाठ दिसते.

३ मे, सोमवार

वकीलसाहेब आले, तोच कोट घालून. आरशासमोर उभे राहिले, खांद्यावरून हात फिरवला. "मास्टर, पन्नास वर्षांत माझा खांदा असा कुणी बसवला नव्हता. कोर्टात दोन जणांनी विचारलं, शिंपी कोण. मी तुमचं नाव सांगितलं. अगदी असाच दुसरा हवा." नवं कापड काउंटरवर ठेवलं.

मी म्हटलं, "होईल."

मशीन चालू होतं. माझा शब्द ऐकून ते थांबलं नाही. वेग कमी-जास्तही झाला नाही. "उद्या या, माप परत एकदा घेऊ," मी म्हणालो आणि ते गेले.

रात्री तिने वाढलं, आवरलं, सगळं रोजच्यासारखं.  रागावली असती तर बरं झालं असतं. हात ठीक आहे, साखर ठीक आहे, आणि तरी एका शब्दात सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं मी. आता मला सगळं आठवतं, हाच घोटाळा आहे.

४ मे, मंगळवार

वकीलसाहेब अकराला आले. अंगातला कोट काढून उभे राहिले. मी टेप घेतली आणि परत ठेवली.

म्हटलं, "साहेब, काल सांगायचं राहिलं. तो कोट मी कापलेला नाही. माझा हात आजारी होता. तो हिने कापलाय."

मशीन थांबलं.

त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. थट्टा करतोय का, ते तपासत असावेत. मला वाटलं, आता कापड उचलून नेतील. गेले असते तर गावभर झालं असतं, मास्टरचा हात गेला, बायको कापते. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि तरी मी म्हणालो, "हाही हीच कापेल."

वकीलसाहेबांनी खांदे सैल सोडले. म्हणाले, "वहिनी, मग या वेळी आतला खिसा जरा खोल ठेवा. चष्म्याची डबी मावत नाही."

ती उठून आली. माप घेतलं, आकडे स्वतःच लिहिले. ते गेल्यावर कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, रेघ आखली. मग कात्री उचलली आणि तशीच धरून उभी राहिली. मी समोर, हात मागे बांधून.

"तुम्ही जरा बाहेर जा," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही बघत असलात की माझा हात कापतो."

मी बाहेर आलो, पायरीखाली उभा राहिलो. ऊन होतं. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, "काय मास्टर, दुकान सोडून बाहेर?"

आतून लोकरीवर चालणाऱ्या कात्रीचा आवाज यायला लागला होता, लांब, न थांबता.

मी म्हटलं, "आत काम चाललंय."